खोट्या इशाऱ्याची किंमत

विमानाच्या कॉकपिटमध्ये वाजणाऱ्या खोट्या इशाऱ्यांविषयी डॉक्टरांच्या स्मरणिकेत लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु १२ जून २०२५ नंतर गुजरातमधील वैद्यकीय व्यावसायिकाला विमान हा विषय परका राहिलेला नाही. अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ माणसे दगावली, आणि दुपारच्या जेवणाला बसलेली आपल्याच व्यवसायातील कोवळी मुले त्यांत होती. त्या दिवसापासून वडोदऱ्यातील प्रत्येक मराठी घरात, लग्नाच्या पंगतीत आणि क्लिनिकच्या प्रतीक्षागृहातही कॉकपिटविषयी मते मांडली जाऊ लागली. त्या अपघाताच्या कारणांवर मी येथे काहीही लिहिणार नाही. तो तपासयंत्रणेचा अधिकार आहे, आणि अर्धवट माहितीवर निदान करू नये हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. मला लिहायचे आहे ते त्यानिमित्ताने जुने अहवाल चाळताना ठळकपणे जाणवलेल्या एका गोष्टीविषयी. यंत्राने दिलेला खोटा इशारा हा निरुपद्रवी त्रास नसतो. त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि बहुतेक वेळा ती मोजणारा माणूस दुसराच असतो.

उड्डाणाचे पहिले मिनिट हे वैमानिकाच्या आयुष्यातील सर्वांत दाटीचे मिनिट. धावपट्टीवर वेग वाढत असताना एक टप्पा येतो, त्याला वैमानिकी भाषेत 'व्ही-वन' म्हणतात. त्याआधी काही बिघडले तर ब्रेक लावून थांबता येते. तो वेग ओलांडल्यावर मात्र थांबायला पुरेशी धावपट्टी उरलेली असेलच असे नाही, म्हणून नियम असा की विमान मुळात उडूच शकणार नाही अशी स्थिती नसेल तर वर जायचे, आणि आजार काय आहे ते वर गेल्यावर पाहायचे. हा निर्णय घ्यायला सेकंद-दोन सेकंद मिळतात. नेमक्या याच वेळी एखादी घंटा खोटी वाजली तर?

याचे आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे १ जानेवारी १९७८ चा मुंबईचा अपघात. जुन्या पिढीतील वाचकांना 'एम्परर अशोक' हे नाव आठवत असेल. १९७१ साली एअर इंडियाच्या ताफ्यात दाखल झालेले हे पहिले जंबो विमान. नववर्षाच्या पहिल्या संध्याकाळी ते सांताक्रूझहून दुबईला निघाले. किनारा ओलांडून समुद्रावर आल्यावर ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. येथवर सर्व काही ठीक होते. परंतु मुख्य वैमानिकासमोरचे कृत्रिम क्षितिज दाखवणारे उपकरण मात्र उजव्या वळणातच अडकून राहिले. विमान सरळ, आणि यंत्र सांगते आहे की अजून उजवीकडे कललेले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, डोळ्यांना आधार म्हणून एक रेघही नाही. वैमानिकाने यंत्रावर विश्वास ठेवला आणि विमान 'सरळ' करण्यासाठी डावीकडे झुकवत नेले. आपले उपकरण बिघडल्याची शंका त्याने बोलून दाखवली होती. सहवैमानिकाने आपलेही तसेच झाल्याचे उत्तर दिले. वास्तविक त्याचे उपकरण बहुधा खरेच सांगत होते, पण दोघांचे बिघडले असा त्याचा अर्थ घेतला गेला. फ्लाइट इंजिनियरने कॅप्टनचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला, तोवर उशीर झाला होता. धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंदांत, वांद्र्याच्या किनाऱ्यापासून साधारण तीन किलोमीटरवर, २१३ माणसांसह विमान समुद्रात गेले. कोणी वाचले नाही.

प्रथम घातपाताचा संशय व्यक्त झाला. नंतर अवशेष आणि ध्वनिमुद्रण हाती आल्यावर तो मागे पडला. चौकशीचा निष्कर्ष असा की उपकरणात बिघाड झाला, आणि कॅप्टनने इतर उपकरणांशी ताळा न पाहता विमान चुकीच्या दिशेने वळवले. उपकरणे बनवणाऱ्या आणि विमान बांधणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत खटला झाला. १९८५ साली तेथील न्यायाधीशांनी त्यांना निष्काळजीपणाच्या आरोपातून मुक्त केले. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेलही. पण मला या निकालापेक्षा त्या कॉकपिटमधील तिसऱ्या माणसाविषयी अधिक विचार करावासा वाटतो. त्याकडे पुढे येतोच.

दुसरा प्रसंग न्यूयॉर्कचा, आणि सुदैवाने त्यात सर्व वाचले. ३० जुलै १९९२ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे तीन इंजिनांचे लॉकहीड विमान केनेडी विमानतळावरून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. सहवैमानिक उड्डाण करत होता. चाके जमिनीवरून उचलली जाताच त्याच्या हातातील दांडा थरथरू लागला. विमानाला पुरेशी उचल मिळत नाही, ते 'स्टॉल' होऊन पडणार, असा त्या थरथरीचा अर्थ असतो. प्रत्यक्षात विमान उत्तम उडत होते. सहवैमानिकाने घाईने ताबा कॅप्टनकडे सोपवला, काय घडते आहे हे नीट न सांगताच. कॅप्टनने क्षणार्धात निर्णय घेतला आणि विमान पुन्हा धावपट्टीवर टेकवले. इंधनाने भरलेले ते धूड इतक्या जोराने आदळले की पंखाला इजा होऊन आग लागली. २९२ माणसे उतरवली गेली. विमान जळून खाक झाले.

आता यातील खरी गोष्ट पाहा. जो संवेदक हा खोटा इशारा देत होता, तो पूर्वी नऊ वेळा बिघडलेला होता. प्रत्येक वेळी तो काढला गेला, तपासला गेला, आणि अधूनमधून का बिघडतो याचे कारण न सापडताच पुन्हा सेवेत आला. आपल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. 'सर्व तपासण्या नॉर्मल' असा शेरा घेऊन घरी गेलेला आणि आठवड्याने पुन्हा दारात उभा राहिलेला रुग्ण कोणी पाहिलेला नाही? तपासणीच्या टेबलावर दोष दिसला नाही म्हणजे दोष नाही, असे मानण्याची खोड कार्यशाळेला आहे तशी ओपीडीलाही आहे. अमेरिकी तपासमंडळाने या अपघाताबद्दल वैमानिकांच्या समन्वयाला दोष दिलाच, परंतु हा दोष लपून राहू देणाऱ्या यंत्ररचनेला आणि तो पुन:पुन्हा येऊनही न निवारणाऱ्या देखभालव्यवस्थेलाही दिला.

यानंतर सव्वीस वर्षांनी जगाने हाच धडा फार महाग किमतीला पुन्हा घेतला. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी जकार्ताहून निघालेल्या लायन एअरच्या बोइंग ७३७ मॅक्स विमानात जमीन सोडताक्षणीच कॅप्टनच्या बाजूचा दांडा थरथरू लागला. हवेच्या प्रवाहाशी विमानाचा कोन मोजणारा तेथील संवेदक सुमारे २१ अंशांनी चुकीचा होता. त्या खोट्या आकड्यावर विसंबून एक स्वयंचलित प्रणाली विमानाचे नाक पुन:पुन्हा खाली दाबत राहिली. १८९ माणसे गेली. त्या विमानाचा कॅप्टन दिल्लीचा तरुण होता. पाच महिन्यांच्या आत, १० मार्च २०१९ रोजी, इथिओपियन एअरलाइन्सचे तसेच विमान तशाच रीतीने पडले आणि १५७ जण दगावले. त्यांत गुजरातेत मूळ असलेल्या, कॅनडात स्थायिक झालेल्या एका कुटुंबातील तीन पिढ्यांचे सहा जण होते.

लायन एअरच्या अहवालातील एक तपशील मात्र वृत्तपत्रांत फारसा गाजला नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आदल्या रात्री बालीहून जकार्ताला येताना त्याच विमानात नेमका हाच बिघाड झाला होता. कॉकपिटमध्ये एक तिसरा वैमानिक प्रवासी म्हणून बसला होता. त्याच्या साहाय्याने तो पेच सुटला आणि विमान सुखरूप उतरले. परंतु उतरल्यावर नोंदवहीत जे लिहिले गेले, ते अपुरे होते. वाटभर दांडा थरथरत होता, हे त्यात आलेच नाही. सकाळच्या वैमानिकांना विमान मिळाले, रात्रीचा इतिहास मिळाला नाही. ज्यांनी रात्रपाळी सोपवून सकाळपाळी घेतलेली आहे, त्यांना यावर अधिक भाष्य नको.

खोट्या इशाऱ्याची ही एक बाजू झाली: खोट्याला खरे मानणे. दुसरी बाजू याहून घातक, कारण ती हळूहळू अंगवळणी पडते. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणापासून मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. त्या गोष्टीत दोष मुलाचा. पण हाक मारणारा मुलगा नसून यंत्र असेल, तर त्याला ना लाज, ना शिक्षा. ते रोज तितक्याच निष्ठेने ओरडत राहते. बदलतो तो गावकरी.

१४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या बोइंग ७३७ मध्ये केबिनमधील हवेचा दाब नियंत्रित करणारी कळ स्वयंचलित ठेवायची ती हस्तचलित स्थितीत राहिली होती. विमान वर चढू लागले, केबिनमधील हवा विरळ होऊ लागली आणि भोंगा वाजला. आता दुर्दैव असे की त्या विमानात हाच भोंगा, अगदी याच सुरात, आणखी एका कारणासाठी वाजत असे: उड्डाणापूर्वी विमानाची मांडणी चुकीची असेल तर. विमान तर केव्हाच हवेत आले होते. तेव्हा हा इशारा खोटा, असे वैमानिकांना वाटले. ते जमिनीवरील अभियंत्याशी बोलत राहिले, आणि बोलता बोलता बेशुद्ध झाले. प्राणवायूची कमतरता प्रथम विवेक हिरावते, त्रास फारसा जाणवू देत नाही, हे आपण शरीरक्रियाशास्त्रात शिकलो आहोत. विमान आपोआप अथेन्सपर्यंत गेले, घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपल्यावर डोंगरावर पडले. १२१ मृत्यू. पुढे अमेरिकी नियामकाला अशा विमानांत दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे बसवण्याचा आदेश काढावा लागला. एका भोंग्याला दोन अर्थ देण्याची काटकसर कोणाला सुचली असेल, देव जाणे.

हे परदेशातच घडते असे नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात इंजिनातून केबिनला हवा देणारी कळ चालू करायची राहून गेली. १६६ प्रवाशांपैकी तीसएक जणांच्या नाकाकानांतून रक्त आले. येथे विमान वेळीच परत फिरले. कान-नाक-घसातज्ज्ञांना त्या दिवशी मुंबईत बरेच काम पडले असणार.

१९९६ च्या फेब्रुवारीत डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पडलेल्या विमानात तर वेग फार झाल्याचा आणि वेग फार कमी झाल्याचा असे दोन्ही इशारे एकाच वेळी मिळत होते. वेगमापकाची नळी तुंबलेली होती. कुंभारीण माशीने तिच्यात घर केले असावे, असा तज्ज्ञांचा कयास आहे. १८९ माणसांच्या मृत्यूचे मूळ एखाद्या माशीच्या चिमूटभर मातीत असावे, ही कल्पनाही असह्य वाटते.

वैमानिकी क्षेत्राने यावर जे उपाय योजले, ते समजून घेण्यासारखे आहेत. आधुनिक विमानांत धावपट्टीवर सुमारे ८० नॉट्स, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेग आला की अत्यंत गंभीर प्रकार वगळता बहुतेक इशारे यंत्र स्वत:च रोखून धरते. विमान सुरक्षित उंचीवर पोचले की मग ते दाखवते. म्हणजे जी गोष्ट कळूनही त्या क्षणी करण्यासारखे काही नाही, ती त्या क्षणी सांगायचीच नाही. अधिक माहिती म्हणजे अधिक सुरक्षितता, या भाबड्या समजुतीला दिलेले हे उत्तर आहे. दुसरा उपाय नियमाचा. अमेरिकेने १९८१ साली घातलेल्या नियमानुसार दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलायचा नाही. आपल्याकडे भूल देण्याच्या आणि नळी घालण्याच्या त्या दोन मिनिटांत शस्त्रक्रियागृहात काय काय बोलले जाते, कोणाचा मोबाइल वाजतो, कोण क्रिकेटचा स्कोअर विचारतो, ते मी लिहीत नाही. वाचकांना ठाऊक आहे.

आता आपल्या घराकडे वळू. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील रुग्णालयात अतिदक्षता विभागांच्या ७७ खाटांवर ३१ दिवस मोजदाद केली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मॉनिटरांनी २५ लाखांहून अधिक इशारे नोंदवल्याचे आढळले. ऐकू येतील असे इशारेच दर खाटेमागे दिवसाला १८७ होते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांविषयीचे जे बारा हजारांहून अधिक इशारे तज्ज्ञांनी एकेक करून तपासले, त्यांतील जवळजवळ ८९ टक्के खोटे निघाले. त्याआधी, २०१३ मध्ये, तेथील जॉइंट कमिशनने अशा इशाऱ्यांशी निगडित ९८ गंभीर घटना साडेतीन वर्षांत आपल्याकडे नोंदल्या गेल्याचे जाहीर केले. त्यांपैकी ८० रुग्ण दगावले होते. इशारा वाजला नाही, ऐकू आला नाही, बंद केला गेला, किंवा वाजूनही कोणी उठले नाही, अशा या घटना.

हे आकडे सर्व सुविधांनी युक्त अशा देशातील आहेत. वडोदऱ्यातील एखाद्या मध्यम आकाराच्या नर्सिंग होममध्ये रात्री दोन वाजता उभे राहून ऐका. बोटाला लावलेला ऑक्सिजनचा प्रोब सैल झालेला असतो, त्याच्या तारेला चिकटपट्टी गुंडाळलेली असते, ईसीजीचे इलेक्ट्रोड घामाने सुटलेले असतात. मर्यादा कारखान्यातून आल्या तशाच असतात, मग रुग्ण वीस वर्षांचा खेळाडू असो वा दम्याने जीर्ण झालेला सत्तरीचा गृहस्थ. नातेवाईक बाहेर येऊन सांगतात, "सिस्टर, मशीन बोले छे." आणि सिस्टर शांतपणे येते, एक बटण दाबते आणि निघून जाते. तिला दोष देणे फार सोपे आहे. परंतु ज्या यंत्राने दिवसभरात शंभर वेळा उगाच बोलावले, त्याच्या एकशेएकाव्या हाकेला तिने धावत यावे अशी अपेक्षा करणारे आपण, स्वत: किती वेळा धावतो?

काही सहव्यवसायी म्हणतात की मर्यादा सैल केल्या आणि खरा प्रसंग निसटला, तर न्यायालयात कोण उभे राहणार? म्हणून वाजू द्यावे. हा युक्तिवाद मला मान्य नाही. ग्राहक न्यायालयाच्या भीतीने वाजत ठेवलेला आणि सवयीने बंद केलेला इशारा रुग्णाचे रक्षण करत नाही आणि डॉक्टरचेही करत नाही. उलट मॉनिटरच्या स्मृतीत त्या दुर्लक्षाची वेळेसह नोंद राहते. मर्यादा विचारपूर्वक, त्या रुग्णापुरत्या ठरवून केसपेपरवर लिहिणे, हे केव्हाही अधिक समर्थनीय आहे. उपायही काही फार खर्चाचे नाहीत. जॉन्स हॉपकिन्समध्ये ईसीजीचे इलेक्ट्रोड रोज बदलण्याची शिस्त लावून पाहिली, तर इशाऱ्यांची संख्या जवळजवळ निम्म्याने घटली. इलेक्ट्रोडची किंमत आपल्या मंडळाच्या वार्षिक भोजनातील एका ताटाइतकीही नाही.

आणि आता तो तिसरा माणूस. १९७८ च्या त्या कॉकपिटमध्ये कॅप्टन अत्यंत ज्येष्ठ, अनुभवी, मानाचे. फ्लाइट इंजिनियर मागच्या बाजूला, उपकरणांच्या पाटीशी बसलेला. उपकरणांत विसंगती आहे हे त्याच्या ध्यानात आले होते, पण त्याच्या सांगण्याला कॉकपिटमध्ये वजन मिळायला वेळ पुरला नाही. जगभर अशा अनेक अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठाला ठामपणे बोलायला आणि ज्येष्ठाला ऐकायला शिकवणारे प्रशिक्षण सक्तीचे केले. आपल्याकडे ते नाही. आपल्या शस्त्रक्रियागृहात 'सर, सॅच्युरेशन पडतंय' हे वाक्य एकदा म्हणायला निवासी डॉक्टरला धैर्य लागते, आणि सरांनी 'प्रोब निघाला असेल' असे म्हटल्यावर ते दुसऱ्यांदा म्हणायला त्याहून अधिक. बहुतेक वेळा प्रोबच निघालेला असतो, हेच तर दुखणे आहे. शंभर खोट्या इशाऱ्यांनी ज्येष्ठाची खात्री पक्की होते आणि कनिष्ठाचा आवाज बारीक होतो. यंत्र खोटे बोलते तेव्हा ते केवळ स्वत:ची पत घालवत नाही, त्याच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाचीही घालवते.

यासाठी आपल्या मंडळापुढे मी एक साधी सूचना ठेवू इच्छितो. मंडळातील ज्या सदस्यांची स्वत:ची रुग्णालये आहेत, त्यांनी एक महिना प्रत्येक मॉनिटरशेजारी एक वही ठेवावी. इशारा केव्हा वाजला, कशाचा होता, खरा की खोटा, आणि खोटा असेल तर कशामुळे, एवढेच चार रकाने. लिहायचे काम सिस्टरचे, पण रोज वाचून सही करायचे काम डॉक्टरचे. तोच प्रोब तिसऱ्यांदा खोटा ठरला तर तो धुऊन पुन्हा लावायचा नाही, बाजूला काढायचा, आणि दुरुस्तीवाल्याने 'काही दोष नाही' असा शेरा दिला तरी कारण कळेपर्यंत रुग्णाला लावायचा नाही. महिन्याअखेरीस या वह्या मंडळाच्या मासिक सभेत आणाव्यात. व्याख्यानासाठी बाहेरचा वक्ता बोलावण्याऐवजी एक सभा या वह्यांच्या वाचनाला द्यावी, आणि त्या सभेला सिस्टरांनाही बोलवावे. पहिल्या रांगेत.